भूकंपाचा दोष चंद्राला का द्यावा?

६ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे तुर्कस्तान आणि सीरियात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि पन्नास हजारांहून अधिक माणसं गेली. काही तासांपूर्वीच पौर्णिमा झाली होती. त्यातच ग्रहस्थितीवरून भाकितं करणाऱ्या फ्रँक हूगरबीट्स या डच गृहस्थांनी तीन दिवस आधी याच भागात साधारण ७.५ तीव्रतेच्या भूकंपाचा इशारा दिल्याचं जगभर पसरलं. मात्र त्यांचं विधान ‘आज ना उद्या भूकंप होईल’ एवढंच होतं. त्यात तारीख नव्हती. तिथला पूर्व अनातोलियन प्रस्तरभंग भूशास्त्रज्ञांना कित्येक दशकांपासून ठाऊक आहे. ‘आज ना उद्या’ तर त्यांनीही सांगितलंच असतं.

मग आकाशाचा काहीच संबंध नाही का? चंद्राचा आहे, पण अगदी थोडा. त्याच्या ओढीने समुद्राला भरती येते तशी जमीनही वीस-तीस सेंटिमीटरपर्यंत वरखाली होते, आणि अमावास्या-पौर्णिमेला सूर्याची ओढ त्यात मिळाली की उधाण येतं. ग्रहांचा हिशेब मात्र साधा आहे. भरतीचं बल अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं. शुक्र चंद्रापेक्षा सुमारे ६६ पट जड, पण अगदी जवळ आला तरी सुमारे १०० पट दूर. शंभराचा घन दहा लाख. म्हणजे शुक्राची ओढ चंद्राच्या पंधरा हजारांश भरते. गुरूची तर त्याहूनही कमी. १९७४ च्या ‘द ज्युपिटर इफेक्ट’ या पुस्तकाने १९८२ च्या ग्रहजुळणीने कॅलिफोर्नियात मोठा भूकंप होईल असं म्हटलं होतं. ते वर्ष तसंच सरलं.

यावर आक्षेप येईल, की किल्लारीचा १९९३ चा भूकंपही अनंत चतुर्दशीच्या रात्री, पौर्णिमेच्या तोंडावरच झाला ना? झाला. पण कोयनेचा १९६७ चा भूकंप पौर्णिमेला पाच-सहा दिवस असताना आणि नेपाळचा २०१५ चा शुक्ल अष्टमीच्या सुमारास झाला, हे कुणी आठवत नाही. शिवाय अमावास्या-पौर्णिमेच्या मागेपुढे तीन-तीन दिवस धरले, तर महिन्यातले जवळजवळ निम्मे दिवस त्यातच येतात. तेव्हा निम्मे भूकंप भाकितात बसले तर नवल कसलं!

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. २०१६ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं, की भरतीचा ताण जास्त असताना भूकंप मोठा होण्याची शक्यता थोडी वाढते. हे मान्य करायला हरकत नाही. पण भूकंपात मोकळा होणारा ताण भरतीच्या ताणाच्या साधारण हजारपट असतो. भूपट्टांच्या हालचालीने काठोकाठ भरलेल्या प्रस्तरभंगाला चंद्र फार तर शेवटचा धक्का देईल. तो कुठला प्रस्तरभंग भरला आहे, हे चंद्र सांगत नाही. शंभर वर्षांत सुमारे १,२३७ पौर्णिमा येतात. २०२३ पूर्वीच्या शतकात त्या सगळ्या पूर्व अनातोलियन प्रस्तरभंगावरून एवढा मोठा धक्का न देताच गेल्या.

जागा, वेळ आणि तीव्रता या तिन्ही गोष्टी नेमक्या सांगितल्याशिवाय भाकीत कामाचं नाही. किल्लारीत माणसं मेली ती दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं अंगावर कोसळून. म्हणून पंचांग चाळण्यापेक्षा आपलं घर कसं बांधलं आहे, हे तपासणं शहाणपणाचं.