शनिवारी साडेसहाला कर्नाळा घ्यायचाय

'डी अँड डी'बद्दल ऐकलंय, खेळून बघायचंय, पण जाडजूड पुस्तकं वाचायला वेळ नाही आणि फॅन्सी फाशांना पैसे नाहीत? एक कागद, लुडोच्या डब्यातले फासे आणि तीन मित्र. सुरुवातीला एवढं पुरतं.

"दरवाजा बंद आहे. वर दोन पहारेकरी, एकाच्या हातात मशाल. भुरभुर पाऊस लागलाय. काय करताय?"

"मी पोट धरून खाली बसतो आणि जोरजोरात कण्हायला लागतो."

"कशाला?"

"म्हणजे काय झालं ते बघायला कुणीतरी खाली येईल ना!"

"बरं. टाक फासा."

फासा लुडोच्या डब्यातला, टेबल प्लास्टिकचं आणि किल्ला कर्नाळ्याचा. खरा कर्नाळा इथून गोव्याच्या रस्त्याला लागलं की थोडाच पुढे. आम्ही बसलो होतो पळस्प्यातल्या एका गच्चीवर. खाली फाट्यावर कंटेनरवाल्यांचे हॉर्न नेहमीसारखे चालूच होते, पण त्या दोन तासांत ते आमच्यापैकी कुणाला ऐकू आले असतील असं वाटत नाही.

आम्ही चौघं दहावीपर्यंत एका वर्गात. आता एक जण सीएच्या आर्टिकलशिपमध्ये बुडालाय, एक नर्सिंगला आहे, एक इंजिनीअरिंगला, आणि मी रोज पनवेलहून हार्बर पकडून सीएसएमटीला कॉलेजला जाते. एका बाजूचा प्रवासच सव्वा तासाच्या वर. भेटायचं ठरलं की ग्रुपवर चार अंगठे यायचे आणि आदल्या रात्री एकेकाचं 'सॉरी यार'. भेटलोच, तर वडापाव संपेपर्यंत गप्पा आणि मग चार माना चार मोबाइलमध्ये. हे थोडंफार बदललं ते या खेळामुळे. तुमचीही गत अशीच असेल, तर पुढे वाचा.

म्हणजे नक्की खेळायचं काय?

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम, म्हणजेच टीटीआरपीजी. 'स्ट्रेंजर थिंग्ज'मधली पोरं तळघरात बसून खेळतात तो प्रकार. एक जण गेममास्टर होतो. समोर काय दिसतंय, काय ऐकू येतंय ते तो सांगतो आणि पहारेकऱ्यापासून चोरापर्यंत बाकी सगळ्यांच्या वतीने बोलतो. इतर प्रत्येकाकडे एकेक पात्र असतं. आपलं पात्र आता काय करेल ते आपण सांगायचं. जमेल की फसेल याची खात्री नसली की फासा टाकायचा. शेवटी कुणी पहिला येत नाही की कुणी शेवटचा. सगळे मिळून एक गोष्ट तयार करतात आणि ती कुठे जाणार हे गेममास्टरलाही पूर्ण ठाऊक नसतं.

ऐकायला परदेशी वाटतं, पण कोकणातल्या माणसाला हे नवं नाही. दशावतारात पारंपरिकरीत्या लिहून काढलेले संवाद नसतात. आख्यान ठरतं, कोण कुठलं पात्र करणार ते ठरतं आणि मग रंगमंचावर उभं राहून समोरच्याने टाकलेलं वाक्य झेलत नाटक रंगतं. आपल्या खेळातही तेच. फक्त प्रेक्षक नाहीत, आणि अधूनमधून फासा मध्ये नाक खुपसतो.

या खेळाची आजची ओळख सुरू झाली १९७४ साली. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' त्या वर्षी बाजारात आलं, पहिल्या छपाईत हजार प्रती. टेबलावर छोटे शिपाई मांडून लढाया खेळणारे लोक त्याआधीही होते. या दोघांनी खेळाडूच्या हातात अख्ख्या फौजेऐवजी एकच माणूस दिला. एकच माणूस असला की त्याचं नाव, त्याची भीती, त्याची उधारी, सगळं आपलं होऊन बसतं. पन्नास वर्षं उलटून गेली तरी खेळाची गंमत त्याच एका बदलात आहे. आणि ती फक्त एल्फ आणि ड्रॅगन यांच्यापुरती राहिलेली नाही. २०२२ मध्ये आलेल्या 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल' या अधिकृत पुस्तकात भारतीय लेखिका मिमी मंडल यांनी बंगालच्या मातीतून सुचलेली एक मोहीम लिहिली आहे.

आमची पहिली फजिती

आम्ही थेट डी अँड डीपासूनच सुरुवात केली होती. प्राथमिक नियम इंटरनेटवर फुकट मिळतात, म्हणून मी उत्साहात गठ्ठाभर प्रिंट काढल्या. मग पात्रं बनवायला बसलो. पात्राचा वंश कोणता, पेशा कोणता, ताकद किती, चपळाई किती, मंत्र कुठले... पावणेदोन तास नुसती पात्रंच तयार होत होती. इंजिनीअर नियम मोठ्याने वाचत होता, सीए बेरजा तपासत होता आणि नर्सिंगवाली नाइट ड्युटी करून आल्यामुळे बसल्या जागी पेंगत होती. शेवटी एका गुहेच्या तोंडाशी पोचलो, तेवढ्यात निघायची वेळ झाली. त्या गुहेत आजतागायत कुणी गेलेलं नाही.

खेळाचा यात काही दोष नाही. डी अँड डीचा गाभा सोपा आहे. वीस बाजूंचा फासा टाका, आपल्या पात्राच्या कौशल्याचा आकडा त्यात मिळवा आणि गेममास्टरने ठरवलेला आकडा गाठा. सोप्या कामाला १०, मध्यम कामाला १५, अवघड कामाला २०. जानेवारी २०२३ मध्ये त्याचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले, त्यामुळे त्यावर स्वतःचा खेळ रचायलाही कुणाची आडकाठी नाही. आवड लागली की तिथे जरूर जा. पण आठवड्यात जेमतेम दोन तास रिकामे असलेल्या माणसाने तिथून सुरुवात करू नये, हे माझं अनुभवाने झालेलं मत.

नियम एका पानात

दुसऱ्या वेळी आम्ही जॉन हार्पर यांचा 'लेझर्स अँड फीलिंग्ज' हा खेळ घेतला. फुकट आहे आणि अख्खा खेळ एका पानावर मावतो. मूळ खेळ अंतराळयानातला. आम्ही त्याला मावळी पोशाख चढवला. 'लेझर्स'च्या जागी तलवार आणि 'फीलिंग्ज'च्या जागी जीभ.

प्रत्येकाने २ ते ५ मधला एक आकडा निवडायचा. तलवारीचं काम असेल, म्हणजे लढणं, चढणं, नेम धरणं, तर फाशावर आपल्या आकड्यापेक्षा कमी पडायला हवं. जिभेचं काम असेल, म्हणजे पटवणं, फसवणं, माणूस ओळखणं, तर जास्त. समजा, तुमचा आकडा ४. मग तलवारीला १, २, ३ चालतील आणि जिभेला ५, ६. आकडा मोठा तितका गडी लढवय्या, लहान तितका बोलघेवडा. दोन्हींत तरबेज कुणीच नाही, म्हणून एकमेकांची गरज पडते.

सुरुवातीला एक फासा. आधी काही तयारी केली असेल तर आणखी एक, त्या कामात पात्र मुरलेलं असेल तर आणखी एक. एकही फासा लागला नाही, तर काम बिघडलं. एक लागला, तर कसंबसं जमलं पण काहीतरी लफडं झालं. दोन लागले, तर फत्ते. तिन्ही लागले, तर मागितलं त्याहून जास्त मिळालं. आणि फाशावर नेमका तुमचाच आकडा पडला, तर गेममास्टरला एक प्रश्न विचारायचा. त्याने खरंच उत्तर द्यायचं आणि ते ऐकून तुम्हाला बेत बदलायचा असेल तर बदलायचा. झाले नियम.

तयारी अर्ध्या तासाची

नव्या गेममास्टरची सगळ्यात मोठी चूक म्हणजे अख्खी कादंबरी लिहून आणणं. खेळाडू तिसऱ्या मिनिटाला भलतीकडेच जातात आणि मेहनत वाया. एक जागा, तीन माणसं आणि एक अडचण, एवढंच लिहून न्या.

जागा ओळखीची असेल तर निम्मं काम झालं. कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका आम्ही लहानपणापासून हायवेवरून बघतोय. वाटेतलं शिरढोण हे वासुदेव बळवंत फडके यांचं जन्मगाव आणि त्यांचे आजोबा या किल्ल्याचे किल्लेदार होते, हे शाळेपासून माहीत. त्यामुळे 'समोर सुळका आहे' म्हटल्यावर कुणाला चित्र काढून दाखवावं लागलं नाही. अडचण इतिहासाने दिली. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मुघलांकडे गेलेल्या २३ किल्ल्यांमध्ये कर्नाळा होता आणि १६७० मध्ये मराठ्यांनी तो परत घेतला. आडोसे उभारत, ते पुढे पुढे सरकवत ते गडाला भिडले, असं सांगतात. आमचा खेळ हल्ल्याच्या आदल्या रात्रीचा. तिघांनी आत शिरून दरवाजाची खबर काढायची. वरची तीन माणसं माझ्या कल्पनेतली. एक पेंगणारा म्हातारा पहारेकरी, एक तरणा पहारेकरी आणि दाणागोटा पोचवणारा एक घाबरट बैलगाडीवाला. वहीचं अर्धं पान भरलं.

तुमच्या गावात किल्ला नसेल तर बाजारपेठ असेल, बंद पडलेलं थिएटर असेल, शेवटची लोकल असेल. नियम इंग्रजीत असले तरी खेळ मराठीतच खेळा. 'माय लॉर्ड' म्हणताना जीभ अडखळते. 'काय पाव्हणं, एवढ्या रातीला?' म्हटलं की पहारेकरी लगेच जिवंत होतो.

वेळ नाही? मग हे करा

या खेळातला सगळ्यात मोठा राक्षस म्हणजे कॅलेंडर. त्याला मारायच्या काही युक्त्या, आमच्या अनुभवातून:

एका बैठकीत संपणारी गोष्टच घ्या. महिनोन्महिने चालणारी मोहीम नंतर.

वार आणि वेळ कायमची ठरवा. 'कधी भेटूया?' हा प्रश्न ग्रुपवर टाकला की भेट मेलीच.

चारांतले तीन आले तरी खेळा. चौथ्याचं पात्र त्या दिवशी तापाने आजारी.

संपायची वेळ आधी सांगा आणि पाळा. ज्याला सकाळची ६ ची लोकल आहे, तो मग निश्चिंत येतो.

फासे नसतील तर मोबाइलवर फासा मिळतो. नाहीतर चिठ्ठ्या करून वाटीत टाका.

भेटणं अशक्यच असेल तर व्हॉट्सअॅपवर खेळा. दिवसाला एकेकाचा एक मेसेज. गोष्ट हळू सरकते, पण ट्रेनमध्ये उभं राहून खेळता येतं.

आणखी एक, न विसरता करायची गोष्ट. सुरू करण्याआधी विचारून घ्या की कुठला विषय नको आहे. जॉन स्टॅव्हरोपोलस यांनी सुचवलेली 'एक्स-कार्ड'ची पद्धत सोपी आहे. टेबलावर फुली मारलेला एक कागद ठेवायचा. कुणाला काही खुपलं तर त्यावर बोट ठेवायचं. तो भाग गाळून पुढे जायचं, 'का' असं विचारायचं नाही. गोष्टीतलं दुखणं कधी कुणाच्या घरातलं खरं दुखणं असू शकतं.

आणि घरच्यांना कल्पना द्या. फासे बघून माझी आजी म्हणाली, "याच फाशांनी महाभारत झालं हो!" पैसे लावत नाही हे कळल्यावर तिने भजी तळून वर पाठवली.

त्या रात्री दरवाजाशी

पोट धरून कण्हणारा म्हणजे आमचा इंजिनीअर. रिझल्ट लागल्यापासून तो ग्रुपवर गप्प होता. 'कसा आहेस?'ला निळ्या टिका यायच्या, उत्तर नाही. मी मग एवढंच लिहिलं, 'शनिवारी साडेसहाला कर्नाळा घ्यायचाय. तू नसलास तर दरवाजा कोण उघडणार?' दोन दिवसांनी अंगठा आला. शनिवारी तो स्वतः आला.

त्याचा आकडा २. फाशावर नेमके २ पडले. त्याला प्रश्न मिळाला.

"खाली कोण येणार, आणि त्याला काय हवंय?"

"तरणा पहारेकरी. बरीच वर्षं घरी गेला नाहीये. गावाकडची काहीतरी खबर हवीय त्याला."

तो जरा थांबला. मग कण्हणं सोडून त्याने त्या पहारेकऱ्याला गावच्या पावसाबद्दल, विहिरीबद्दल, म्हाताऱ्या आईबद्दल सांगायला सुरुवात केली. सगळं तिथल्या तिथे रचलेलं. दहा मिनिटं तो एकटाच बोलत होता आणि आम्ही तिघी-तिघं गप्प ऐकत होतो. दोन महिन्यांत आम्ही ऐकलेलं त्याचं ते सगळ्यात जास्त बोलणं.

दरवाजाची खबर मिळाली, पण परत निघताना तिघांचेही फासे फसले. मशाली पेटल्या, हाकाटी झाली आणि साडेआठ वाजले. किल्ला राहिला.

जिना उतरताना तो म्हणाला, "तहात दिला आणि पाच वर्षांनी परत घेतला, हे खरंय ना? की खेळासाठी टाकलंस?"

"खरंय."

"हं." मग चप्पल घालता घालता, "तीन केटी आहेत. फॉर्म भरतोय." आणि रिक्षा पकडायला गेला.

हा खेळ कुणाचे विषय सोडवून देत नाही. पण दोन तास चार माणसं एकमेकांचं बोलणं लक्ष देऊन ऐकतात, कारण ऐकलं नाही तर आपली पाळी आल्यावर काय करायचं तेच कळत नाही. पळस्पे ते सीएसएमटी धावणाऱ्या आमच्यासारख्यांना असे दोन तास दुसरीकडे क्वचितच मिळतात.

तेव्हा या शनिवारी तिघांना मेसेज टाका. 'भेटूया का?' असं विचारू नका. कुठला किल्ला घ्यायचाय, ते सांगा.