माणिकगडचा नाग आणि गुप्तधन

जुना किल्ला म्हटला की गुप्तधनाची गोष्ट आलीच. सात रांजण मोहरा, त्यावर बसलेला नाग आणि धनाची जागा दाखवणारा पायाळू माणूस! हे वेड फक्त आपल्याकडेच आहे असे नाही.

दक्षिण अमेरिकेत १५३२ साली स्पेनच्या पिझारोने इंका राजा अताहुआल्पा याला कैद केले. सुटकेसाठी राजाने खोलीभर सोने देऊ केले. सोने घेतले, आणि १५३३ मध्ये राजाला ठार केले. उरलेले सोने अरण्यातल्या पैतिती नगरात लपवले, अशी वदंता उठली. अशाच एका हरवलेल्या शहराच्या शोधात फॉसेट नावाचा इंग्रज १९२५ साली ब्राझीलच्या जंगलात शिरला, तो परत आलाच नाही.

मग जंगलात नगरे नव्हतीच का? होती तर! आकाशातून लेसर किरण सोडून संशोधकांनी झाडीखालची जमीन पाहिली. २०२२ मध्ये बोलिव्हियात आणि २०२४ मध्ये इक्वेडोरमध्ये जुन्या वस्त्यांचे मोठे जाळे उघड झाले. तिथे दिसले ते रस्ते, कालवे आणि मातीचे चौथरे. म्हणजे माणसांचे कष्ट.

आता आपल्या राजुऱ्याकडे या. गडचांदूरजवळच्या डोंगरात माणिकगड उभा आहे. त्याच्या दरवाजावर नाग कोरलेला आहे. तो धनाचा राखणदार नव्हे. गड बांधणाऱ्या नागवंशी राजांची ती खूण मानतात. पुढे हा मुलूख चांद्याच्या गोंड राजांकडे आला. त्यांच्या ताब्यातल्या वैरागडला हिऱ्यांची खाण असल्याची नोंद अकबराच्या काळच्या ‘ऐन-इ-अकबरी’त आहे. तेव्हा वैभव खरे होते. पण राज्य चालते ते शेती, तलाव आणि वसुलीवर, रांजणांवर नव्हे.

धन पुरण्याची चाल होती, हेही खरे. पेढी-बँक नव्हती, स्वारीची भीती होती. म्हणून क्वचित कुठे नाणी सापडतात. पण त्या आशेने चौथरा फोडला की शिलालेख जातो, मूर्ती भंगते, आणि इतिहास कायमचा मुका होतो. त्याहून वाईट म्हणजे मांत्रिकाच्या नादी लागून बळी देण्यापर्यंत मजल जाते. २०१३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने अशी अघोरी कृत्ये गुन्हा ठरली आहेत. दहा रुपयांवर किमतीचे पुरलेले धन सापडले, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरसाहेबांना कळवावे लागते.

गुरुजी, मुलांना गडावर जरूर न्या. कुदळ मात्र नको, वही-पेन्सिल द्या. दरवाजाचे चित्र काढू द्या, गावातल्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी लिहून घेऊ द्या. गडाचे हे धन वाटले तरी कमी होत नाही.