पडद्यावर आमच्यासारखे कोण बोलते?

निपाणीत राहणाऱ्या माणसाला तीन गोष्टींवर मत असावेच लागते. पाऊस ही पहिली. पूर्वी तंबाखूचा आणि आता उसाचा दर ही दुसरी. आणि तिसरी सिनेमा. पहिल्या दोहोंवर आमच्या मताला कोणी विचारत नाही, त्यामुळे उरलेला सगळा जोर तिसऱ्यावर पडतो. न्हाव्याच्या दुकानात दाढी अर्धी झालेली असतानाही इकडचा माणूस मान वळवून सांगेल की, अमुक चित्रात मध्यंतरानंतर दम नाही. वस्तरा गालावर असतो, पण मत महत्त्वाचे.

त्यातून आम्हांला पाहायला मिळते ते सगळे तिप्पट. घरात संच एक आणि भाषा तीन. संध्याकाळी सातला सौभाग्यवती मराठी मालिका लावतात. साडेआठला आमच्या आत्याची पाळी. आत्या गोकाकला दिलेली. साठ वर्षे तिकडे काढून आता आमच्याकडे राहायला आली आहे. तिचा देव विठोबा, तिचे दुखणे-खुपणे मराठी आणि तिच्या मालिका कन्नड. दहानंतर हिंदी बातम्या मोठ्या आवाजात सुरू होतात आणि मी उठून झोपायला जातो. बातम्या देणारा माणूस एवढा का ओरडतो, हे मला आजवर उमगलेले नाही.

मजा अशी की, पुष्कळदा गोष्टही एकच असते. कन्नड चित्रव्यवसायाने परभाषेतले चित्र आवाज बदलून, म्हणजे डबिंग करून, दाखवू द्यायचे नाही असा अलिखित दंडक वर्षानुवर्षे पाळला होता. २०१५ साली स्पर्धा आयोगाने त्याविरुद्ध निकाल दिला. तोवर परभाषेतली गोष्ट आवडली तर ती नव्याने, नव्या नटांना घेऊन करायची, ही रीत पडून गेली होती. २०१८ साली मराठीत ‘तुला पाहते रे’ ही मालिका गाजली. पुढच्याच वर्षी ती कन्नडमध्ये ‘जोते जोतेयली’ या नावाने सुरू झाली. आत्याने मराठी मालिका पुरती पाहिली होती. कन्नडमधला नायक पहिल्यांदा गोड हसला तेव्हाच ती शेजारणीला म्हणाली, “ह्याच्यावर भरवसा ठेवू नको गे, पुढं ह्याचं सगळं बाहेर पडतंय.” शेजारीण आठ दिवस बोलायला आली नाही.

‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) हे चित्र तुमच्याप्रमाणेच आम्हांलाही तोंडपाठ आहे. त्याचे मूळ १९६६ सालच्या ‘बीवी और मकान’ या हिंदी चित्रात, आणि २००३ साली तेच कन्नडमध्ये ‘ओळू सार, बरी ओळू’ म्हणून आले. मी तिन्ही पाहिली आहेत. पहिले नंबर बनवाबनवीला, हे मी कोल्हापूरच्या वाचकांना खूश करण्यासाठी म्हणत नाही. आमच्या घरी आत्याचेही मत हेच पडले, आणि आत्या कन्नड बाजूच्या साक्षीदार आहेत.

आम्ही १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो, तेव्हा मी आईच्या कडेवर होतो. पुढे १९७३ साली राज्याचे नाव कर्नाटक झाले आणि २०१४ साली बेळगावचे कागदोपत्री बेळगावी. मी शिकलो ते देवचंद कॉलेज निपाणीला अगदी खेटून, पण अर्जुननगरात, म्हणजे कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. सकाळी चहा पिऊन चालत परराज्यात जायचे आणि दुपारी जेवायला पुन्हा आपल्या राज्यात यायचे, अशी चार वर्षे काढली. सीमेचा प्रश्न न्यायालयात आहे, तेथेच तो असू द्या. त्यावर लिहिणारे जाणते लोक पुष्कळ आहेत. मला सांगायचे आहे ते पडद्याबद्दल.

लहानपणी कोल्हापूरचे चित्र आमच्याकडे येई ते घरचे म्हणूनच. भालजी पेंढारकरांचे ‘साधी माणसं’ १९६५ सालचे. त्यातला लोहार बोलत होता तसे आमच्या गल्लीतला लोहार बोले. सुटीत मामांकडे बेळगावला गेले की कॅम्पातल्या ‘ग्लोब’ला इंग्रजी चित्र. त्यातले एक अक्षर कळत नसे, पण मामा शेजारी बसून जे भाषांतर करीत ते मूळ चित्रापेक्षा रंगतदार असे. परत येताना पाव शेर कुंदा. आणि १९७४ साली राजकुमारांचे ‘भक्त कुंबार’ लागले, तेव्हा तर आत्या गोकाकाहून आम्हांला न्यायला आली. गोरा कुंभार कन्नड बोलतो आहे, विठोबाला कन्नडमध्ये हाका मारतो आहे, आणि थेटरात निम्म्या बायका मराठी, निम्म्या कानडी, सगळ्यांचे पदर डोळ्यांना. त्याआधी १९६३ साली त्याच राजकुमारांनी कन्नडमध्ये तुकाराम केला होता. ज्या ज्ञानोबांनी विठ्ठलालाच कानडा म्हटले त्यांच्या लोकांना यात नवल वाटावे असे काही नव्हते.

नाहीतरी ही देवाणघेवाण सिनेमाच्या फार आधीची. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले त्यामागे कानडी भागवत मंडळींचा खेळ होता. अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला, कुमार गंधर्व सुळेभावीला. प्रभातच्या ‘माणूस’मधली (१९३९) मैना म्हणजे शांता हुबळीकर, आडनावातच गाव आहे. हे सगळे अभिमानाने सांगितले जाते आणि सांगावेही. पण यात एक मेख आहे. ही सगळी माणसे पुण्या-मुंबईच्या रंगभूमीवर, पडद्यावर वा मैफलीत पोचली. त्यांच्या घरच्या ओसरीवरची बोली तेवढी पोचली नाही.

ही गोष्ट मला जाणवली ती नातीमुळे. नात बेळगावची. घरात “काय करूलास आज्जा?” असे विचारणारी पोर. ती शिकायला पुण्याला गेली. पहिल्या दिवाळीला आली तेव्हा फोनवर मैत्रिणींशी बोलताना ऐकले, तर मालिकेतल्या सुनेसारखी तुपात घोळलेली भाषा. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात आईला म्हणाली, “भूक लागूली की गे!” मी विचारले, मैत्रिणींशी असे का नाही बोलत? म्हणाली, “हसतात आज्जा. म्हणतात, तू मराठीच आहेस ना नक्की?”

आता ही मुलगी इकडे कन्नड सक्तीच्या दाखल्यांत ‘मराठी’ म्हणून वेगळी निघते आणि तिकडे पुण्यात ती मराठी आहे की नाही याची शंका घेतली जाते. पुण्याच्या मुलींना मी दोष देत नाही. त्यांनी अशी मराठी ऐकणार कोठे? त्यांच्या घरात जो पडदा आहे त्यावर ती नाही. असलीच तर हसवण्यापुरती. नाटकात वा चित्रात कोणी कानडी हेल काढून मराठी बोलू लागला की समजावे, हा आचारी, नाहीतर भोळा पैलवान, आणि याच्यावर आता हशा यायचा आहे. कोल्हापूरकरांची याबाबतीत थोडी बरी सोय झाली. ‘तुझ्यात जीव रंगला’ या मालिकेने (२०१६) त्यांची बोली घराघरांत नेली. पण पैलवान काही सुटला नाही. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, तालीम आणि चपला यांपलीकडे कोल्हापुरात काही असते हे मुंबईच्या लेखकांना कोण सांगणार? तुम्ही तेथलेच; तुमचे तुम्ही पाहा.

पु. ल. देशपांडे बेळगावात राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवीत होते. त्यांनी ‘गणगोत’मध्ये बेळगावच्या रावसाहेबांचे चित्र काढले, त्यात ही भाषा आहे. वाचताना हसू येते, खरे. पण ते हसू माणसाला धरून आहे, भाषेला धरून नाही, आणि लेख संपतो तेव्हा घशात काही दाटते. पडद्याला हे जमलेले नाही. का जमू नये? ‘सैराट’ने (२०१६) करमाळ्याकडची बोली कोणाची माफी न मागता पडद्यावर आणली आणि सगळ्या महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. पुढच्या वर्षी त्याचे कन्नड रूप आले, ‘मनसु मल्लिगे’. गोष्ट तीच, नायिकाही रिंकू राजगुरूच. पण ती बोली गेली आणि चित्र पाण्यात पडलेल्या साखरेच्या बत्ताशासारखे झाले, असे माझे मत आहे. नातीलाही तसेच वाटले. सुनेला मात्र आवडले.

‘कांतारा’ (२०२२) कुंदापूरकडच्या कन्नडमध्ये आहे. आमच्या आत्याला, जी जन्मभर गोकाकचे कन्नड बोलली, तिला त्यातले निम्मे कळले नाही. तरी हलली नाही जागची. पुण्याच्या आमच्या व्याह्यांनी तेच हिंदीत पाहिले आणि आम्हांला फोनवर समजावून सांगितले.

आत्यावरून आठवले. एकदा बंगळूरचे कोणते तरी चित्र चालले होते. त्यात उत्तरेकडचे कन्नड बोलणारा गडी आला, डोक्याला पटका, आवाज मोठा, आणि सगळे त्याला हसू लागले. आत्याने रिमोट उचलला आणि चित्र बंद केले. म्हणाली, “आमच्यासारखं बोलणारा दिसला की ह्यांना हसूच येतंय.” मी चमकलो. हे तर मी मराठीबद्दल म्हणत होतो! म्हणजे बेळगावच्या बाजारात पाटीवरून ज्यांच्याशी आमची हुज्जत होते, त्या गोकाक-बैलहोंगलच्या कानडी माणसाचेही घरचे दुखणे हेच. त्याची भाषा बंगळूरच्या पडद्यावर हसण्यासाठी, आमची पुण्या-मुंबईच्या. दोघे शेजारी, दोघे एकाच दुकानातून ज्वारी नेणारे, आणि दोघेही आपापल्या राजधानीच्या पडद्यावर विदूषक. याबद्दल दोघे एकमेकांशी मात्र कधी बोलत नाहीत.

एकच चित्र मला असे ठाऊक आहे, ज्यात निपाणी हसण्याचा विषय नाही. ‘युगांतर’ नावाच्या स्त्रियांच्या चित्रपटसमूहाने १९८२ साली केलेला माहितीपट, ‘तंबाखू चाखिला ऊब आली’. जेमतेम घटकाभराचा. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि छायाचित्रणाला नवरोज कॉन्ट्रॅक्टर. निपाणीच्या वखारींत तंबाखू चाळणाऱ्या, निवडणाऱ्या बाया, त्यांची मजुरी, त्यांचा छळ, त्यांचा संप आणि त्यांची संघटना. त्याच्या आदल्याच वर्षी, १९८१ साली, तंबाखूच्या दरासाठी शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन येथे झाले होते, ते पुष्कळांच्या स्मरणात आहे. वखारीतल्या बायांचा लढा तितकासा नाही. थेटरात हे चित्र कधी आले नाही. अलीकडे बर्लिनच्या ‘आर्सेनल’ या संस्थेने ते जतन केले. निपाणीच्या बाया काय बोलल्या, ते बर्लिनने सांभाळून ठेवले. बंगळूरने नाही, मुंबईनेही नाही.

आमच्या गल्लीत एक बाई आहेत, उमेदीची सगळी वर्षे वखारीत काढलेल्या. त्यांना ते चित्र नातीने आपल्या मोबाइलवर दाखवले. बाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ धरून शेवटपर्यंत पाहिले. मग म्हणाल्या, “ह्यात वास येत न्हाई गा. नाकात जायची ती धूळ न्हाई.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, “पर बोलनं आमचंच हाय. आमी असंच बोलत हुतो. मालकाफुडं सुदीक.” आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितले.

सीमाप्रश्नावर भाषणे असलेले चित्र मला नको आहे. ती सभेत ऐकली आहेत. मला एक साधी घरगुती गोष्ट पाहायची आहे. निपाणीहून बेळगावला जाणारी बस, संकेश्वरला मिरचीची पोती चढतात, बाई वाहकाशी सुट्या पैशांवरून कन्नडमध्ये भांडते, पोराला मराठीत दटावते, आणि मागच्या बाकावरचा कोणी हिंदी गाणे गुणगुणतो. पुढे लग्न असो, वाटणी असो, काहीही असो. ती बोलताना कोणी हसू नये, एवढेच. हसूच आले तर तिच्या भांडणाला यावे. ते भांडण हसण्यासारखे असतेच.

हल्ली बेळगावची काही पोरे मोबाइलवर आपल्याच बोलीत छोटी छोटी चित्रे करतात. निम्मी थिल्लर असतात, आवाज फुटलेला असतो आणि विनोद मला पुष्कळदा कळत नाही. पण परवा नातीने त्यांतलेच एक पुण्याहून पाठवले. रताळी विकणारी बाई आणि गिऱ्हाईक, दोन मिनिटांची घासाघीस. खाली तिने लिहिले होते की, वसतिगृहातल्या मुलींनी सहा वेळा पाहिले आणि आता ‘करूलास’ शिकवायला मागे लागल्या आहेत. सौभाग्यवतींनी चष्मा लावून पाहिले, आणि त्यांचे लक्ष रताळ्यांच्या भावाकडेच. म्हणाल्या, “साठ रुपये किलो? ही लुटूली की!”