नदीखोऱ्यांचे जलवैज्ञानिक प्रतिमान व सुदूर संवेदन

नदीखोऱ्यात पडणाऱ्या पावसापैकी किती पाणी वाहते, किती मुरते व किती बाष्परूपाने जाते, याचा गणिती हिशेब म्हणजे जलवैज्ञानिक प्रतिमान होय. त्यास लागणारी उतार, जमीनवापर, पिके इत्यादींची माहिती उपग्रहांपासून मिळते. बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याची डोंगररांग जलविभाजक आहे. उत्तरेकडील पूर्णा तापीस मिळते, तर दक्षिणेकडील पैनगंगा व खडकपूर्णा यांचे पाणी गोदावरीत जाते. ही सीमा अंतराळयानातील रडारने २००० मध्ये घेतलेल्या उंचीच्या मोजमापांवरून आखता येते. येथील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. पहिला पाऊस त्या भेगांतून आत शिरतो. पुढे माती भिजून फुगली, की तेवढ्याच पावसाचा अपवाह पुष्कळ वाढतो. त्यामुळे मातीतील ओलावा प्रतिमानात महत्त्वाचा ठरतो. ढगांमुळे पावसाळ्यात नेहमीची छायाचित्रे मिळत नाहीत. तेव्हा ढगांतून पार जाणारे सूक्ष्मतरंग वापरतात. तथापि लहान नद्यांचा विसर्ग उपग्रह प्रत्यक्ष मोजीत नाही. म्हणून प्रतिमानाचे निष्कर्ष पर्जन्यमापक व नदीमापन केंद्रांवरील नोंदींशी पडताळावे लागतात. अन्यथा त्यांवरून बांधलेला तलाव अवर्षणात रिता राहण्याचा किंवा अतिवृष्टीत त्याचा सांडवा अपुरा पडण्याचा धोका संभवतो.