घरच्या नळीत धुतलेली फिल्म

आपल्या खेड्यांतील पुष्कळ घरांत येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी एखादा जुना काळा-पांढरा फोटो टांगलेला आढळतो. खुर्चीवर आजोबा, बाजूला उभी असलेली आजी आणि मागे रंगविलेला पडदा. साठ-सत्तर वर्षे लोटली तरी त्या चेहऱ्यावरील सुरकुती न् सुरकुती वाचता येते. याचे एक कारण असे की, असे फोटो बहुधा मोठ्या कॅमेऱ्यावर काढले जात. त्या कॅमेऱ्यात फिल्मची गुंडाळी नसे. एका वेळी एकच काच किंवा एकच सुटी फिल्म बसविली जाई. चार इंच रुंद व पाच इंच लांब अशा सुट्या फिल्मचे क्षेत्रफळ नेहमीच्या पस्तीस मिलिमीटर चित्राच्या सुमारे पंधरापट भरते. इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरी करता करता छायाचित्रण शिकलेले आणि पुढे हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झालेले राजा दीनदयाळ हेही अशाच मोठ्या काचांवर काम करीत.

ही विद्या अद्याप लोपलेली नाही. इल्फर्ड, कोडॅक, फोमा या कंपन्या आजही सुटी फिल्म तयार करतात. आपल्या देशात उटी येथे १९६० साली स्थापन झालेल्या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ फिल्म एके काळी घरोघरी माहीत होती. तो कारखाना आता बंद आहे. त्यामुळे फिल्म परदेशातून येते आणि महाग पडते. गावोगावचे धुण्याचे स्टुडिओही मिटले. एखाद्या तरुणाच्या हाती जुना मोठा कॅमेरा आला, तर फोटो काढणे त्याला जमेल. पण फिल्म धुवावयाची कोठे, हा प्रश्न उरतोच.

थाळ्यांत फिल्म धुण्याची रीत जुनी आहे. पण तीत सारा वेळ पूर्ण अंधारात उभे राहावे लागते, रसायन पुष्कळ लागते आणि ओल्या फिल्मवर नखाचा ओरखडा उठण्याची भीती असते. विकतची यंत्रे सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची आहेत. यावर तोडगा आहे तो नळीचा. ‘बियॉन्ड द झोन सिस्टिम’ या ग्रंथाचे लेखक, अमेरिकेतील प्राध्यापक फिल डेव्हिस यांच्या पद्धतीमुळे या नळ्या छायाचित्रकारांच्या परिचयाच्या झाल्या. तशी नळी आपल्या शेतकऱ्याच्या घरी पडलेल्या पाईपाच्या तुकड्यातूनही बनते.

आतून छत्तीस ते अडतीस मिलिमीटर रुंद असा काळा पाईप घ्यावा. फिल्मची रुंदी सुमारे एकशे दोन मिलिमीटर असते आणि अशा पाईपाचा आतील घेर एकशे तेरा ते एकशे एकोणीस मिलिमीटर भरतो. म्हणजे फिल्म आत गोल बसते, पण तिच्या कडा एकमेकींवर चढत नाहीत. पंधरा सेंटिमीटरचा तुकडा कापून त्याचे एक तोंड टोपण चिकटवून कायमचे बंद करावे आणि दुसऱ्या तोंडाला आट्यांचा जोड बसवावा. ही झाली नळी. सात सेंटिमीटरच्या दुसऱ्या तुकड्याचा तळ बंद करून वर जुळणारे आटे बसवावेत. ही झाली वाटी. अशा दोन वाट्या हव्यात. आतील खरबरीत कडा काचकागदाने गुळगुळीत कराव्यात. पांढऱ्या पाईपातून उजेड झिरपतो, म्हणून तो वापरावयाचा झाल्यास बाहेरून काळी पट्टी दाट गुंडाळावी. रात्री नळीच्या आत विजेरी पेटवून पाहावी. बाहेर उजेडाचा ठिपकाही दिसता कामा नये.

वाटीत साठ मिलिलिटर डेव्हलपर ओतून ती उभी ठेवावी. कोडॅकचे डी-७६ हे जुने सूत्र येथे चालते: एक लिटर पाण्यास मेटॉल दोन ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट शंभर ग्रॅम, हायड्रोक्विनोन पाच ग्रॅम व टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, दोन ग्रॅम. दुसऱ्या वाटीत अ‍ॅसिटिक आम्लाचे अगदी सौम्य पाणी भरावे. मग दिवा मालवावा. या फिल्मला लाल दिवाही चालत नाही. फिल्म उभी धरावी. तिच्या कडेवरची खाच वर उजव्या हाताशी आली की रसायनाचा लेप आपल्याकडे आहे, असे समजावे. लेप आतल्या बाजूस राहील अशा रीतीने फिल्म वळवून नळीच्या बंद टोकापर्यंत सरकवावी. स्वतःच्या ताणाने ती भिंतीस धरून राहते. नळी उभ्या वाटीवर आवळून बसवावी आणि मग दिवा लावावा. डेव्हलपर खाली वाटीत आहे, फिल्म वर कोरडी आहे. घाई करण्याचे कारण नाही.

घड्याळ पाहून नळी पाण्याच्या परातीत आडवी केली की त्याच क्षणी साऱ्या फिल्मवर रसायन पोहोचते. पोळी लाटताना लाटणे फिरते तशी ती तळहाताने अखंड फिरवावी. एवढे थोडे रसायन एका बाजूस साचते, म्हणून क्षणभरही थांबू नये. थांबल्यास चित्रावर पट्टे उमटतात. फिरविणे अखंड असल्याने फिल्मसोबतच्या कागदावरील वेळेपेक्षा दहा ते पंधरा टक्के वेळ कमी द्यावा. पाणी वीस अंश उष्णतेचे असावे. आपल्याकडील उन्हाळ्यात ते कठीण. पण रात्रीची वेळ, माठातले पाणी आणि परातीत पिशवीत बांधलेला बर्फाचा खडा यांनी काम भागते. उष्णता वाढली की वेळ घटतो, आणि पाच मिनिटांहून कमी वेळात फिल्म एकसारखी धुतली जात नाही.

वेळ भरताच पुन्हा अंधार करावा, नळी उभी करून वाटी काढावी आणि आम्लाची वाटी बसवून अर्धा मिनिट फिरवावी. त्यानंतर फिल्म अंधारातच नळीबाहेर काढून हायपोच्या थाळीत सोडावी. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट. उजेड न लागलेले चांदीचे क्षार तो विरघळवितो, हा शोध इंग्लंडच्या जॉन हर्शेल यांनी १८१९ साली लावला. फिल्म बाहेर काढण्याचे कारण असे की, तिची पाठ नळीच्या भिंतीला चिकटलेली असते आणि पाठीवरचा रंग आतल्या आत निघत नाही. थाळीत दोन्ही बाजूंस रसायन लागते. दोन-तीन मिनिटांनी दिवा लावण्यास हरकत नाही. शेवटी स्वच्छ पाणी अनेकदा बदलून फिल्म धुवावी आणि धूळ नसलेल्या जागी एका कोपऱ्याने टांगावी.

काही जण स्वस्त म्हणून क्ष-किरणांची फिल्म वापरतात. तिच्यापैकी बऱ्याच प्रकारांना दोन्ही बाजूंनी लेप असतो, त्यामुळे नळीच्या भिंतीवर पाठीचा लेप घासला जातो. ती थाळीतच धुवावी.

कुटुंबवत्सल वाचकांस येथे कळकळीने सांगणे आहे. स्वयंपाकाचे एकही भांडे या कामी वापरू नये आणि या कामाचे भांडे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. मेटॉलने कित्येकांच्या त्वचेस खाज व पुरळ येते, म्हणून हातमोजे घालावेत. आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये. प्रत्येक बाटलीवर नाव लिहून ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते. तो विहिरीजवळ, ओढ्यात वा शेतात ओतणे म्हणजे शेजाऱ्याच्या पाण्यात विष कालविणे होय. तो डब्यात साठवून चांदी काढणाऱ्या व्यावसायिकाकडे द्यावा. आपल्या छंदाची किंमत दुसऱ्याच्या विहिरीने मोजू नये.

कोणी विचारील, खिशातल्या मोबाइलने क्षणात फोटो निघत असता हा खटाटोप कशासाठी? मोबाइलमधील हजारो चित्रे यंत्र बिघडले की एका दिवसात नाहीशी होतात. नीट धुतलेली निगेटिव्ह मात्र पाकिटात जपून ठेवली, तर नातवंडांच्या नातवंडांनाही खिडकीच्या उजेडात धरून पाहता येते. तिला वीज लागत नाही.

अशा एका निगेटिव्हने साऱ्या जगास विचारात पाडल्याची गोष्ट श्रद्धावंतांस ठाऊक असावी. इटलीतील वकील सेकोंदो पिया हे हौशी छायाचित्रकार होते. तुरीन येथील प्रेतवस्त्राचे पहिले छायाचित्र त्यांनी मे १८९८ मध्ये मोठ्या काचांवर घेतले. वस्त्रावर डोळ्यांना पुसट डागच दिसत. पण काच धुताच निगेटिव्हवर एका मनुष्याचा शांत चेहरा उमटला. ते वस्त्र १९८८ च्या कार्बन-चाचणीत १२६० ते १३९० या काळातील ठरले, आणि त्यावर वाद चालूच आहे. ख्रिस्तसभेने त्याच्या खरेपणाविषयी निर्णय दिलेला नाही. तथापि त्या रात्री पियांनी काच धुताना हयगय केली असती, तर तो चेहरा तेव्हा कोणाच्याही दृष्टीस पडला नसता, एवढे निश्चित.

आपल्या घरच्या फोटोचेही तसेच आहे. फिल्मवर चित्र उमटते ते कॅमेऱ्याच्या क्षणात. पण ते कोणालाही दिसत नाही. धुणाऱ्याच्या हाती ते विश्वासाने सोपविलेले असते. ज्या आजीचा फोटो आज काढला, ती पुढच्या सणाला आपल्यात असेलच असे नाही. तिची फिल्म बिघडली, तर दुसरी कोठून आणावी? म्हणून जो तरुण हे काम शिकू इच्छितो, त्याने प्रथम वाया गेलेली एक फिल्म आणि साधे पाणी घेऊन भर उजेडात दहा वेळा सराव करावा. मग डोळे मिटून दहा वेळा करावा. मगच खऱ्या फिल्मला हात लावावा. अंधारात आपले हात कोणी पाहत नाही. तेथे जो नीट वागतो, त्याच्याच हाती लोकांनी आपल्या वडीलधाऱ्यांचे चेहरे द्यावेत.