येवल्यापुढची सरहद्द

"रविवारी मिस्त्रींबरोबर सरहद्द ओलांडून दौलताबादला जाऊन येतो," असे घरात सांगितले तेव्हा आमची मुलगी हसली. "बाबा, दौलताबाद महाराष्ट्रातच आहे. सरहद्द कुठली?" तिचे खरे होते. तिच्या भूगोलाच्या पुस्तकात ही सरहद्द नाही. तिच्या पणजोबांच्या वेळी मात्र होती. येवल्यापर्यंत इंग्रजांचा नाशिक जिल्हा आणि वैजापूरपासून निजामाचे हैदराबाद संस्थान. पलीकडे नाणेसुद्धा वेगळे, हाली सिक्का. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाची सत्ता गेली, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि सरहद्द पुसली गेली.

वाचकहो, हीच सरहद्द १९३४ साली परमपूज्य बाबासाहेबांनी ओलांडली होती. वेरूळची बौद्ध लेणी पाहावीत म्हणून चळवळीतले सुमारे तीस सहकारी नाशिकला जमले. भाड्याच्या बसेस आणि मोटारी करून ते येवल्यामार्गे निघाले. कार्यक्रम मुद्दाम जाहीर केला नव्हता. मुक्काम जिथे, तिथल्याच आपल्या लोकांना कळवले होते. पुढे दौलताबादला काय घडले ते बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहून ठेवले आहे. हे लिखाण १९९० साली पुस्तिका म्हणून प्रसिद्ध झाले. त्याचा मराठी अनुवाद आम्ही पिशवीत घेतला.

मिस्त्री म्हणजे आमचे वीस वर्षांचे मित्र. गॅरेज चालवतात, पाच वेळची नमाज सांभाळतात, आणि आमची जुनी स्प्लेंडर त्यांच्याच हातांनी जिवंत आहे. गाडीच्या हेडलाइटवर निळ्या अक्षरांत 'जय भीम' आहे, तेही त्यांनीच लावून दिले. पहाटे पाचला निघालो. जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटरांच्या घरातला पल्ला. चांदोरी, निफाड, विंचूर. जानेवारीची थंडी अशी की विंचूरच्या चौफुलीवर चहाचा ग्लास आधी हातात धरून बसलो, मग प्यायलो.

येवला ओलांडले, अंदरसूल मागे पडले. इथेच कुठेतरी ती रेघ असणार म्हणून आम्ही दोन्ही बाजूंना पाहत होतो. कांद्याची शेते अलीकडेही तशीच, पलीकडेही तशीच. अशा त्या टापूत गाडी गचके देऊन बंद पडली. मिस्त्रींनी प्लग काढून साफ केला. गाडी सुरू झाली, पण हात कोपरापर्यंत काळे. जवळच्या वस्तीवर पाणी मागितले. ओट्यावरचे एक वयस्कर गृहस्थ तांब्या भरून घेऊन आले. रस्त्यावरच्या गाडीकडे पाहिले. "कोणत्या गावचे? आडनाव काय?" आम्ही सांगितले. मग मिस्त्रींना नाव विचारले, त्यांनीही सांगितले. गृहस्थ तांब्या घेऊन आत गेले आणि प्लास्टिकचा जग घेऊन बाहेर आले. "ओंजळ करा," म्हणाले आणि वरून धार सोडली.

पाणी नाकारले असे म्हणता येणार नाही. बोलणेही गोड होते. मिस्त्रींनी हात धुतले, आम्हीही धुतले. निघाल्यावर पाच-सात किलोमीटर कोणीच बोलले नाही. मग मागून मिस्त्री म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्हाला तहान होती. तुम्ही प्यायला नाहीत."

"तुम्ही?"

"मी पण नाही."

दौलताबादच्या किल्ल्यासमोर पोहोचेपर्यंत साडेअकरा झाले. झाडाखाली बसून डबा सोडला. आमच्या मंडळींनी दिलेली बाजरीची भाकरी आणि ठेचा, मिस्त्रींच्या घरची अंडाकरी. जेवणानंतर पुस्तिका काढली खरी, पण वाचायला जीभ उचलेना. कारण त्यात जे शिव्या देत धावून आले ते मुसलमान होते. मिस्त्रींनी आमच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "वाचा. एवढ्या लांब कशाला आणलंत मग?"

वाचले. रमजानचे दिवस. प्रवासाच्या धुळीने सगळे माखलेले. किल्ल्याच्या दाराबाहेर पाण्याने भरलेला हौद, त्यावर काही जणांनी हातपाय धुतले. तेवढ्यात पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध हौद बाटवला म्हणून ओरडत आला, जमाव गोळा झाला. हाणामारीची वेळ आली. बाबासाहेबांनी त्यांना विचारले की आमच्यातला एखादा मुसलमान झाला तर त्याला या हौदावर मज्जाव कराल काय? यावर जमाव गप्प झाला. बाबासाहेबांनी आपले नाव लिहून दिले, ते पहारेकऱ्याने आत नेले. परवानगी आली ती अशी की किल्ला पाहा, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. त्यावर लक्ष ठेवायला एक हत्यारबंद शिपाई सोबत दिला.

मिस्त्री बराच वेळ काडीने माती उकरत होते. "म्हातारबाबा आमचेच," ते म्हणाले. "रोजा धरून असं करायचं? रोज्यात तर दुसऱ्याला पाणी पाजणं सवाबाचं काम." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "पण तो प्रश्न बरोबर विचारला त्यांनी. मुसलमान झाला तरच पाणी, हे काय झालं?"

आज दारावर नाव कोणी विचारत नाही, तिकीट विचारतात. आम्ही आत गेलो, चांदमिनार पाहिला, अंधेरीतून चाचपडत वर चढलो. गुडघे बोलू लागले तेव्हा मिस्त्रींनी बाटली काढली, स्वतः दोन घोट घेतले आणि आमच्याकडे दिली. आम्ही तोंड लावूनच प्यायलो.

वेरूळला तीन वाजले. चौतीस लेणी एका दुपारी होत नाहीत. पहिली बारा बौद्ध, त्यातले दहावे चैत्यगृह आम्ही निवांत पाहिले. स्तूपासमोर बसलेली बुद्धमूर्ती आणि वर छताला लाकडी वाशांसारख्या दगडी कमानी. आम्ही त्रिशरण म्हटले, तोवर मिस्त्री मान वर करून उभे होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "कोरणारा आधी सुतार असणार. लाकडाचा हात दगडावर चाललाय." त्या लेण्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात, हे त्यांना आधी कोणी सांगितले नव्हते.

परतताना येवल्यात मुक्तिभूमीवर थांबलो. अंधार पडला होता. दौलताबादच्या पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, याच येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. वंदन करून बाहेरच्या टपरीवर चहा घेतला. पैसे मिस्त्रींनी दिले, आमचे ऐकले नाही.

रात्री साडेदहाला नाशिक. पाठ अजून दुखते आहे. पुस्तिका मिस्त्रींकडे राहिली. मोठा मुलगा वाचतो आहे म्हणाले, पुढच्या आठवड्यात देतील.