🌿 *घरचा सल्ला: दारातला पानओवा*



पावसाची झड लागली की घरोघरी सर्दी-खोकला सुरू होतो आणि शेजारणीकडे ओव्याचं पान मागायला जाणं होतं. पानओव्याची छाट लावायला हेच दिवस चांगले. एक कुंडी दारात असू द्या. फक्त हे पान थेट पोटात जातं, त्यामुळे खालच्या गोष्टी नीट वाचा.

*१) रोप ओळखून घ्या*
▪️ पानओवा: पान जाड, मऊ लव असलेलं, कडा दातेरी. चुरगळलं की ओव्याचा उग्र वास येतो. मसाल्याचा ओवा पेरून हे झाड येत नाही, दोन्ही झाडं वेगळी.
▪️ पानफुटी: हिचंही पान जाडच, पण गुळगुळीत आणि ओव्याचा वास नाही. पानाच्या कडेला छोटी रोपं फुटतात. ही भज्यांना वापरू नका, जनावरांपुढेही टाकू नका. जास्त खाल्ली तर जनावराला विषबाधा होते.
▪️ बोरेज: नर्सरीत पानओव्यालाच ‘इंडियन बोरेज’ म्हणतात. नुसतं ‘बोरेज’ म्हणजे भूमध्य समुद्राकडचं निळ्या चांदणीसारख्या फुलांचं हंगामी झाड. मधमाश्यांसाठी ते उत्तम, पण त्याच्या पानात यकृताला घातक द्रव्यं थोड्या प्रमाणात असतात. इंटरनेटवर बोरेजचे फायदे वाचून ते पानओव्याला लावू नका.

*२) लागवड*
▪️ निरोगी फांदीची ३-४ पेरांची, साधारण वीतभर छाट घ्या. खालची पानं काढा आणि काप सुकायला एक दिवस सावलीत ठेवा.
▪️ माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत सारखं मिसळा. कुंडीला खाली भोक हवंच.
▪️ छाटीचं एक-दोन पेर मातीत जाईल अशी लावा. २-३ आठवड्यांत मुळं धरतात.
▪️ सकाळचं ऊन मिळावं, उन्हाळ्यात दुपारी सावली. वरची माती कोरडी झाल्यावरच पाणी द्या. हे झाड उन्हानं कमी आणि जास्त पाण्यानं जास्त मरतं. संततधारेत कुंडी वळचणीच्या आत, पडवीत घ्या.
▪️ शेंडे खुडत राहा, झाड भरगच्च होतं. जून झालं की नवीन छाट लावा.
▪️ पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापडानं पुसून काढा आणि नंतर साध्या पाण्यानं धुवा. फारच लागलेली फांदी कापून टाका.

*३) औषधाचा संबंध नको* ⚠️
▪️ कीटकनाशकाचा किंवा तणनाशकाचा रिकामा कॅन कापून त्याची कुंडी करू नका. कितीही धुतला तरी अंश राहतो.
▪️ पंपात उरलेलं औषध ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून परसबागेत मारू नका.
▪️ शेत घराला लागून असेल तर फवारणीच्या दिवशी कुंडी घरामागे, वाऱ्याच्या आडोशाला ठेवा. पानावर तुषार उडाले असतील तर ती पानं खाऊ नका. सगळे शेंडे छाटून टाका आणि नव्या फुटीची वाट बघा.

*४) स्वयंपाकात*
▪️ भजी: मध्यम पानं धुऊन फडक्यानं पूर्ण कोरडी करा. ओलं पान तेलात उडतं. बेसन, थोडं तांदळाचं पीठ, तिखट, मीठ, हळद घालून दाटसर पीठ भिजवा. त्यात ओवा घालायची गरज नाही. मध्यम आचेवर तळा.
▪️ चटणी: ५-६ पानं तेलावर परता. ओलं खोबरं, हिरवी मिरची, मीठ आणि थोडी चिंच घालून वाटा.
▪️ काढा: ३-४ पानं, आल्याचा तुकडा, गूळ आणि दोन कप पाणी. एक कप होईपर्यंत उकळा. मोठ्या माणसाच्या घशाला बरं वाटतं.

*५) लहान बाळांसाठी, लक्ष देऊन वाचा* 🔴
▪️ ६ महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध. पानाचा रस नाही, घुटी नाही.
▪️ १ वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात चाटवू नका.
▪️ काढ्यानं न्यूमोनिया बरा होत नाही. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. २ महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्ष ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षं ४० किंवा जास्त भरले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.
▪️ श्वास घेताना छाती आत ओढली जाते, मूल पीत नाही किंवा सुस्त पडलंय, तर थांबू नका. *१०८* ला फोन करा.

ज्यांच्याकडे पानओवा आहे त्यांनी पुढच्या गट बैठकीला ४-५ छाटी घेऊन याव्यात. ज्यांच्याकडे नाही, त्यांना तिथेच मिळतील.

हा संदेश घरातल्या बायामाणसांना वाचून दाखवा, पाचवा मुद्दा तर नक्कीच.

– *आपली शेतकरी उत्पादक कंपनी, सल्ला सेवा*